साफ केलेला चेहरा

दादूशेठच्या हनुवटीखालचं मांस मी आत ढकलत होते, तेवढ्यात तो मेसेज आला. परवा त्यांचा वाढदिवस. बोर्लीच्या नाक्यावर बारा बाय आठचा बॅनर लागणार, आणि वाढदिवसाच्या बॅनरवर कुणालाही दुहेरी हनुवटी नसते हा आमच्या धंद्याचा नियम आहे. दुकानाच्या पेजवर येणारे मेसेज मीच बघते, कारण मालक कुलदीपला दोन ओळींच्या वर वाचायचा कंटाळा. रोज तेच असतं. अर्जंट मिळेल काय, फोटो मोबाइलवर पाठवला तर चालेल काय, आमच्या साहेबांना जरा उजळ करा. हा मेसेज मात्र मला वाचता न येणाऱ्या अक्षरांत होता आणि खाली आमच्याच एका बॅनरचा फोटो जोडलेला होता. लॉटरी लागली म्हणून सांगणारे भामटे असतील असं वाटलं, आणि निव्वळ चाळा म्हणून मी भाषांतराच्या बटणावर बोट टेकवलं. "नमस्कार. हे छायाचित्र आपल्याकडे कोठून आले? हा माझा मुलगा असू शकतो. खाली काय लिहिले आहे? यंत्र म्हणते की तो मृत आहे. कृपया सांगा. लारिसा." दादूशेठ स्क्रीनवर अर्ध्या हनुवटीने हसत होते. मी तोच मेसेज तीनदा वाचला आणि मग उगाचच उठून पंखा बंद केला.

कुठला बॅनर ते ओळखायला मला फोटो मोठा करून बघावा लागला नाही. सव्वीस जानेवारीच्या चार दिवस आधी मंडळाची पोरं आली होती. 'शहीद जवानांना भावपूर्ण श्रद्धांजली' एवढाच मजकूर आणि वर एक जवान, मोठ्ठा. "जखमी पायजे ताय," त्यांच्यातला एक म्हणाला, "रगत दिसलं पायजे, नायतर लोकं थांबत न्हाईत." कुलदीप काउंटरमागून म्हणाला, "मग आपल्या सम्यकचा घे ना वर्दीतला. घरचा मानूस, कोन बोलनार हाय?" सम्यक माझा धाकटा भाऊ. अकरा वर्षं फौजेत आहे, सध्या वर उत्तरेला, जिथे फोन लागला तर लागला. आईला अक्षरं वाचता येत नाहीत पण आकडे येतात, आणि रोज सकाळी चहाच्या आधी ती माझ्या फोनवर सम्यकच्या नावाखालचे आकडे बघते, तो शेवटचा कधी दिसला ते. त्या संध्याकाळी मी तिला बॅनरचं विचारलं. आमच्या घरात लिंबू-मिरची बांधत नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव दिघीच्या खाडीत सोडून आले, आणि नजर लागली, दृष्ट काढा असं कुणी म्हणालं तर आई तोंडावर हसते. पण तेव्हा ती हसली नाही. "मेलेल्यांच्या मजकुरावर माज्या पोराचा फोटो नको," म्हणाली. मी म्हटलं, बरं, नेटवरचा कुणाचातरी घेते. ती म्हणाली, घे. विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेटवर शोधलं, आणि तिसऱ्याच रांगेत हा सापडला. मान मागे टाकलेली, ओठांना भेगा, केसांतून कानशिलावर येऊन वाळलेलं रक्त, आणि डोळे उघडे, कॅमेऱ्याच्या किंचित वर कुठेतरी बघणारे. मला तो आवडला. हे सांगायला आज लाज वाटते, पण मला तो फोटो म्हणून आवडला, त्यातला उजेड आवडला. मी त्याला कडेकडेने कापून काढला, खांद्यावरचा बिल्ला पुसला, कातडी दोन घरं सावळी केली म्हणजे आपल्यातला वाटेल, आणि रक्त थोडं भडक केलं, कारण फ्लेक्सवर लाल रंग छापून येतो तेव्हा तपकिरी होतो. मागे तिरंगा, खाली ज्योत. चाळीस मिनिटांत काम झालं.

मग कुलदीपने तो पेजवर टाकला. एरवी आमच्या पेजवर पन्नास लाइक पडले तर तो पेढे वाटायचा. या बॅनरला बारा दिवसांत एक्केचाळीस हजार पडले. कुणीतरी खालचं दुकानाचं नाव कापून गाणं लावून तो पुढे ढकलला आणि मग तो आमच्या हातात राहिला नाही. मी रोज वाचायचे. हात जोडलेले, हात जोडलेले, सलाम, पुन्हा जन्माला ये वीरा, धन्य ती माउली. दुबईतून सलाम, सौदीतून सलाम. एकाने विचारलं, कुठल्या तालुक्याचे होते? दुसऱ्याने ठोकून दिलं, महाडचे. तिसरा म्हणाला, मी ओळखतो यांच्या घरच्यांना, फार गरिबी आहे. एका मास्तरांनी भीतभीत लिहिलं की गणवेशावरून हा आपला वाटत नाही, परदेशातल्या त्या लढाईतला असावा. त्यांना लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की त्यांनी ते खोडलं. पण ठिणगी पडलीच होती. खाली वेगळीच जुंपली. तिकडचा असेल तर कुठल्या बाजूचा? त्या बाजूचा असेल तर बरं झालं. ह्या बाजूचा असेल तर सलाम. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात तसं दुसऱ्याच्या रक्तावर आमचं गाव, तालुका, जिल्हा उदार झाला होता. मी कोण बोलणारी? त्या लढाईचे फोटो मीही वर्षभर बघत होते, दुकानात, चहात खारी बुडवता बुडवता. पडलेली इमारत, चिखलातला बूट, स्ट्रेचरवरचा मुलगा. काही वेळ पोटात हलायचं. मग खारी चहात पडायची आणि तेच जास्त मोठं दुःख व्हायचं. परदेशातले लोक म्हणजे मला कायम ते वाटायचे. लारिसाच्या बाजूने बघितलं तर परदेशातले लोक म्हणजे आम्ही, नाक्यावर वडापाव खात तिच्या मुलाखाली उभे असलेले.

कुलदीपला फोन लावला. तो मुरूडला द्यायचे रोल घेऊन निघाला होता आणि दिघीच्या जेट्टीवर फेरीची वाट बघत होता. मागे इंजिनाची घरघर आणि कुणीतरी गाड्या मागे घ्या म्हणून ओरडत होतं. मी सगळं सांगितलं. "जवान कुठला, नेटवरचाच ना?" तो म्हणाला. मी म्हटलं, "शेठ, नेटवर माणसंच असतात." तो मालक आहे आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, म्हणून मी त्याला शेठ म्हणते, आणि मी चिडले की तोही ते ओळखतो. "जया ताय, ऐक माझं. रिप्लाय देऊ नको. ब्लॉक कर. उद्या सायबरवाले आले तर मंडळाची पोरं हात वर करतील, आपन लटकू. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, "तिला वाटतंय तो मेला." "मग मेला असंल नायतर नसंल, आपल्याला काय म्हायती? आपन थोडाच मारला त्याला." फेरी लागली असावी, कारण त्याने फोन ठेवला. कुलदीप वाईट माणूस नाही. वादळात आमचे पत्रे उडाले तेव्हा सगळ्यात आधी तो आला होता, मोटरसायकलवर जुने फ्लेक्स बांधून. तीन महिने आमच्या घरावर म्हसळ्याच्या कुणा म्हाताऱ्याच्या दहाव्याचा बॅनर होता, उलटा, त्याचं तोंड आमच्याकडे. आई झोपताना त्या म्हाताऱ्याला म्हणायची, आज गळू नको रं बाबा. मेलेल्या माणसांबरोबर राहायची मला तेव्हापासून सवय आहे. जिवंत असलेल्याला मेलेल्यांत बसवायची नव्हती.

मी ब्लॉक केलं नाही. पण खरंही धड लिहिलं नाही. मी लिहिलं, फोटो आम्ही नेटवरून घेतला, आम्हाला या माणसाविषयी काही माहिती नाही, मजकूर सर्वसाधारण आहे. 'सर्वसाधारण' हा शब्द मला कुठून सुचला कोण जाणे, सरकारी कागदावरून असणार. तिकडे सकाळचे आठ-नऊ वाजले असतील. ती फोन हातात घेऊनच बसली असणार, कारण लगेच तीन ठिपके नाचायला लागले, थांबले, पुन्हा नाचले. दारावर कुणीतरी, ताई आधार कार्डाची झेरॉक्स होईल का, म्हणून विचारून गेलं आणि मी मान न वळवता मशीन बंद आहे म्हटलं. मग आलं. "धन्यवाद. मी समजावते. माझा रोमान चोवीस वर्षांचा आहे. सप्टेंबरच्या नऊ तारखेला शेवटचा फोन आला. त्यानंतर कोणी काही सांगत नाही. आम्ही आयांचा गट आहोत, आम्ही रोज फोटो पाहतो. तुमचा फोटो हजारो ठिकाणी आहे म्हणून एकीला दिसला. शोधत गेलो तेव्हा सर्वात जुना तुमच्या पानावर सापडला. नाक रोमानचे आहे. पण रोमानला डाव्या कानाखाली मोठा तीळ आहे. तुमच्या फोटोत डावा कान दिसतो आणि तीळ नाही. मी काल दिवसभर मोठे करून पाहिले. तीळ नाही. म्हणून तो रोमान नाही आणि मी देवाचे आभार मानले. पण मला झोप नाही. तुम्ही मूळ फोटो पाहिला. फक्त एवढे सांगा, तीळ नव्हता ना?"

मला तीळ आठवत नव्हता. खरंच आठवत नव्हता, आणि तेच मला सगळ्यात जास्त भिववत होतं. कारण चेहरा उघडला की माझा हात आधी डाग काढतो. डोक्यात येण्याआधी हात काढतो. आमच्याकडची रीतच तशी आहे. माणूस निवडणुकीला उभा राहिला, बारशाला नटला किंवा मेला, त्याचा चेहरा साफ करायचा. पुटकुळ्या, व्रण, वांग, चामखीळ, पानाने लाल झालेले दात. घणसोलीत प्रेसमध्ये होते तेव्हा शिकवलंच तसं, आणि इथे तर गिऱ्हाईक फोटो देतानाच म्हणतं, जरा साफ कर गो. मागच्या वर्षी कोकिळाकाकूंचा नवरा गेला, हरेश्वरकाका, त्यांच्या दोन्ही गालांवर देवीचे खोल व्रण. मी ते बुजवले. दहाव्याला काकू बॅनरखाली येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ वर बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्यो कोन? माजा मानूस कुठं हाय?" कुलदीपने ती गोष्ट पुढे कितीतरी दिवस हसण्यावारी सांगितली. मीही हसले होते. आता दुकानात एकटी बसून मी हाताच्या बोटांकडे बघत होते. बोटांना विचारून काय उपयोग होता.

फाइल उघडली. मूळ फोटो मी कधी फेकत नाही, सगळ्यात खालच्या थरात झाकून ठेवते, एवढी एक चांगली सवय. वरचे थर एकेक करून बंद केले. ज्योत गेली, तिरंगा गेला, मजकूर गेला. सावळेपणा गेला आणि खाली पांढराफटक, थंडीने निळसर पडलेला मुलगा उरला. मी तो चारशे टक्के मोठा केला आणि डाव्या कानाकडे गेले. तीळ होता. मसुराच्या दाण्याएवढा, काळा, कानाच्या पाळीखाली नीट बसलेला. एक केसही होता त्यात. पुन्हा वरचा थर लावला, तीळ गेला. काढला, आला. लावला, गेला. असं मी किती वेळ करत होते मला सांगता येणार नाही. इतकं सोपं होतं ते. पलीकडे एक बाई अख्खा दिवस त्या जागेवर डोळे लावून बसली होती आणि तिथे काही नाही म्हणून तिने देवाचे आभार मानले होते. माझ्या ब्रशचे आभार मानले होते.

कुलदीपचा पुन्हा फोन आला, तो आगरदांड्याला उतरला होता. मी तिळाचं सांगितलं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताय, मग सोप्पं हाय की. सांग, न्हवता तीळ. बाई सुखानं झोपंल. तुला तिला रडवून काय भेटनार?" मी म्हटलं, "आणि तो कुठे दवाखान्यात पडला असेल तर?" "एवढं लागलेला मानूस..." मागे हॉर्न वाजला. "बघ तुला काय वाटतं ता," म्हणाला, "पन माझ्या दुकानाच्या नावानं काय लिहू नको." मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला की त्याने माझ्या मनातलंच बोलून दाखवलं. दोन शब्द. नव्हता तीळ. तिचा मुलगा पुन्हा नुसता बेपत्ता होईल, माझा बॅनर पुन्हा सर्वसाधारण होईल, आणि कुणीच कधी पडताळून बघणार नाही. मी ते दोन शब्द लिहिले. पाठवले नाहीत; त्यांच्यापुढे कर्सर लुकलुकत राहिला. मी फोन पिशवीत टाकला, शटर अर्धं ओढलं आणि जेवायला घरी गेले.

घर दुकानापासून दहा मिनिटांवर, वाड्यांमधून जाणाऱ्या वाटेने. दोन्ही बाजूंना वादळानंतर लावलेल्या पोफळी, अजून डोक्याएवढ्याच, त्यामुळे पूर्वी जिथे सावली असायची तिथे आता ऊन लागतं. मला सम्यकचा चेहरा आठवायचा होता. मी मुद्दाम प्रयत्न केला. हनुवटीवर सायकलवरून पडल्याची खूण आहे, कुठल्या बाजूला? डावीकडे. नाही, उजवीकडे. मी त्याची बहीण, रोज माणसांचे चेहरे हाताळणारी, आणि मला माझ्या भावाची खूण कुठल्या बाजूला आहे ते चालता चालता सांगता येईना. मागच्या सुटीत त्याच्या लग्नासाठी म्हणून मी त्याचा फोटो केला होता. तो साफ केलेला फोटोच माझ्या डोक्यात बसला आहे. खाली खूण असलेला सम्यक सापडत नव्हता. वाटेत दोन बायका भेटल्या, त्या काहीतरी बोलल्या, मी हो म्हटलं.

आई ओट्यावर मांदेली साफ करत बसली होती. आईला, म्हणजे भिमाबाईला, काही सांगायचं तर प्रस्तावना चालत नाही, म्हणून मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, बॅनरपासून तिळापर्यंत. तिने हात थांबवला नाही. मासळीची डोकी काढून बाजूला टाकत राहिली. बाकी सगळ्यांनी विचारलं तसं ती विचारेल, कुठल्या बाजूचा, असं मला वाटलं. तिने विचारलं नाही.

"मला काय सांगितलं व्हतंस? नेटवरचा कुनाचातरी."

"व्हय."

"कुनाचातरी म्हंजी कुनाचा, ता मी इचारलं न्हाय. मीच इचारलं न्हाय." तिने पाण्यात हात बुडवले आणि तसेच ठेवले. "मी नको म्हनले ता माज्या पोरासाटी. दुसरीच्या पोराला घाल, असं न्हवते म्हनले. पन झालं तसंच."

"तिला काय सांगू आये? तीळ नव्हता म्हटलं तर तिला बरं वाटंल."

"तिला बरं वाटंल का तुला?" ती म्हणाली. मग तिने पायात घोटाळणाऱ्या मांजराला मासळीचं एक डोकं टाकलं. "सम्यकचं कुनी मला असं सांगितलं, हा तुजा न्हवं, म्हातारे, जा निज. मी निजंन. आनि तो तिकडं कुठंतरी आये आये करंल. मला ता नको." तिचा आवाज फाटला नाही, पण तिने तोंड भिंतीकडे केलं. "आनि परत कुनाचा तीळ पुसू नको. तो काय तुजा हाय पुसाया?" जेवायला वाढू का, असं तिने विचारलं. मला जेवण गेलं नसतं. मी तांब्याभर पाणी प्यायले आणि परत फिरले. ओटा उतरताना मागे बघितलं तर ती ओल्या हातानेच माझा फोन मागत होती. सम्यकचे आकडे पहाटेचे होते. तिने ते बघितले आणि फोन परत दिला.

दुकानात आले आणि आधी ते दोन शब्द पुसले. मग जे मी बारा दिवसांपूर्वी करायला हवं होतं ते केलं, फोटो मुळात कुठला ते शोधलं. तासभर लागला. तिकडच्याच कुणा फोटोग्राफरच्या पानावर, शेकडो फोटोंमध्ये, अंगठ्याएवढा होता तो. खाली तीन ओळी. भाषांतर केलं: प्राथमिक उपचाराच्या ठिकाणी आणलेला जखमी, नाव माहीत नाही, त्याच दिवशी पुढे नेण्यात आले. तारीख, सतरा ऑक्टोबर. मी ती तारीख कॅलेंडरवर जाऊन बघितली, जणू तिथे काही वेगळं लिहिलेलं असेल. नऊ सप्टेंबरनंतर सतरा ऑक्टोबर. शेवटच्या फोननंतर पाच आठवड्यांहून जास्त तो जिवंत होता, डोळे उघडे होते, आणि हे जगात तिच्याशिवाय कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. पण आज फेब्रुवारी. त्यानंतर काय झालं ते त्या तीन ओळींत नव्हतं. मी तिला मुलगा देत होते की त्याची जखम देत होते, माझं मला कळत नव्हतं. पेजवर मध्येच कुणीतरी नव्याने हात जोडून गेलं. मी आधी ती पोस्ट उडवली. एक्केचाळीस हजार लोक एका बोटाने गेले. कुलदीपला काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं. नाक्यावरचा बॅनर उतरवायला शिडी लागणार होती, आणि बाकीच्या हजार ठिकाणचा उतरवायला कुठली शिडी आणणार होते मी.

यंत्राने घोळ घालू नये म्हणून मी शाळेतल्या पोरीसारखी छोटी छोटी वाक्यं लिहिली. तीळ होता. तो मी पुसला. मी बॅनर बनवते. आम्ही सगळ्यांचे डाग पुसतो. तो मेला असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी न विचारता लिहिलं. ते खोटं आहे. हा मूळ फोटो. ही मूळ जागा. ही तारीख बघा. मला माफ करा, असं शेवटी लिहिलं आणि खोडलं, कारण तेवढ्यासाठी तिने वेळ घालवावा असं मला वाटेना. मग पुन्हा लिहिलं. फोटो जोडला, जसा होता तसा, काठापासून काठापर्यंत. पाठवलं. खाली 'पाहिले' असं आलं. तिने बघितलं होतं.

नंतर काहीच नाही. ठिपकेही नाहीत. मी स्टुलावर बसून होते. शटर अर्धंच होतं, त्याखालून जाणाऱ्यांचे पाय दिसत होते, शाळा सुटली होती. पाच मिनिटं झाली असतील. पंधरा. मला वाटायला लागलं की मी तिला मारून टाकलं, त्या थंड देशात एक बाई स्वयंपाकघरात खाली बसली आणि तिला उठवायला कुणी नाही. तिच्या घरात आणखी कोण आहे हे मी विचारलं नव्हतं. काहीच विचारलं नव्हतं. दादूशेठची फाइल उघडी होती, ती बंद केली, मग उघडली. त्यांच्या गालावर एक चामखीळ आहे, ती मी अजून काढलेली नव्हती. मी तिच्याकडे बघत राहिले. मशीनखालच्या शाईचा वास डोक्यात चढत होता आणि मला दार उघडायचं सुचत नव्हतं. सम्यकला एक मेसेज टाकला, कसा आहेस, एवढाच. तो पोचलाच नाही, एकाच खुणेवर थांबला.

मग ठिपके आले. बराच वेळ नाचले. "हा रोमान आहे," एवढंच आलं. पुन्हा ठिपके. मी वाट बघत होते शिव्यांची, शापाची, निदान प्रश्नाची. तारीख खरी आहे का, पुढे म्हणजे कुठे नेलं, काहीही. यंत्राने तिचे शब्द एका मागोमाग एक आणून ठेवले. "त्याच्या डोक्याखाली कोणाचा तरी हात आहे. कोणीतरी त्याचे डोके वर धरले आहे. तुमच्या फोटोत हा हात नव्हता."

मी फाइलकडे वळले. हात होताच. उघडा, हातमोजा नसलेला, नखांत माती, मनगटावर विणलेल्या दोऱ्याचा पट्टा. बोटं मुलाच्या केसांत खोल गेलेली, म्हणून तर तो कापायला कठीण गेला होता. त्या चाळीस मिनिटांतली वीस मी त्या हातावर घालवली होती. एकेक बोट सोडवलं होतं, बोटांच्या जागी एकेक केस रेखला होता, आणि झाल्यावर कुलदीपने मागे उभं राहून म्हटलं होतं, कुनाला कळनार पन न्हाय. डोकं आपोआप मागे टेकलंय असं वाटावं म्हणून खाली तिरंग्याची एक घडी सरकवली होती.

"म्हणजे तो एकटा नव्हता," लारिसाने लिहिलं.

मी लिहिलं, "नव्हता. तो हात मी पुसला होता."